गाडी सोडून बाहेर या

बाबांचा ट्रक बिघडावा म्हणून मी लहानपणी देवाला हात जोडायचे. गणितात पास कर, हे त्यानंतर. आईला हे कळलं असतं तर तिनं मला उलथण्यानं बडवलं असतं, कारण ट्रक बिघडणं म्हणजे आमच्या घरात संकट. पण मला त्याचं काही नव्हतं. मला बाप हवा होता, आणि बाप मिळायचा तो फक्त ट्रक बिघडल्यावर.

आम्ही वणीजवळच्या राजूरचे. बाबा खाणीतला कोळसा भरून न्यायचे, पुढे पुढे कापसाच्या गाठी. दोन दिवस घरी, आठ दिवस रस्त्यावर. घरी असले म्हणजे झोपलेले. आई म्हणायची, "आवाज करू नको, बाबा झोपून राह्यले." मी दाराच्या चौकटीत बसून त्यांच्या तळपायांकडे बघत राहायचे. टाचांच्या भेगांत कोळसा कायमचा मुरला होता. शाळेत 'माझे वडील' असा निबंध आला तेव्हा मी पाय सोडून दुसरं काही लिहू शकले नाही, आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवल्यावर सगळे हसले.

मी तिसरीत असताना मारेगावच्या अलीकडे त्यांच्या गाडीचा एक्सल तुटला. निरोप आला तो दुसऱ्या ड्रायव्हरकडून. आईनं भाकरी, पिठलं, कांदे असं सगळं बांधलं, मला बरोबर घेतलं आणि आम्ही एसटीनं तिथं गेलो. रस्त्याच्या कडेला गाडी एका बाजूला कलून उभी होती. चाकांना दगड लावलेले, मागे लांबवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या, आणि गाडीच्या सावलीत चटईवर बाबा. जागे! दिवसाढवळ्या जागे असलेले बाबा बघून मला इतका आनंद झाला की मी आधी जवळच गेले नाही, लांबूनच बघत उभी राहिले.

चार दिवस गाडी तिथं होती. आई सकाळी मला घेऊन जायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आणायची. बाबांनी तीन दगडांची चूल मांडली होती. येणारे-जाणारे ड्रायव्हर गाडी हळू करायचे, हॉर्न द्यायचे, कुणी टमाटे टाकून जायचा, कुणी पाण्याची कॅन. बाबांनी जमिनीवर रेघा ओढून मला चिंचोक्यांचा खेळ शिकवला आणि त्यात ते लबाडी करायचे. माझी वेणी घालायचा त्यांनी प्रयत्न केला, ती वेणी आईनं बघितली आणि ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. तसं हसताना मी तिला नंतर फार वेळा बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी वणीहून गॅरेजवाले चाचा सामान घेऊन आले आणि चौथ्या दिवशी दुपारी गाडी सुरू झाली. मी बाभळीमागे जाऊन रडले. चाचांना वाटलं, पोरगी खुशीनं रडून राह्यली, म्हणून त्यांनी मला खिशातली बडीशेप दिली.

त्या दिवसांत मी एकदा बाबांना विचारलं होतं, की गाडीला कुलूप लावून तुम्ही घरी का येत नाही? ते म्हणाले, "गाडी एकटी सोडत नसतात, बाई." एवढंच. जसं काही मी विचारलं होतं की माणसं पाण्याखाली का झोपत नाहीत. आमच्याकडच्या सगळ्या ड्रायव्हरांचा हा नेम. भरलेली गाडी रस्त्यात बसली तर ड्रायव्हर तिच्याजवळ बसतो. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. तापानं फणफणला तरी बसतो. कोळशाची गाडी एक तास मोकळी सोडली की टोपल्या घेऊन माणसं येतात, हे खरंच आहे, पण नेम त्याच्याही पलीकडचा होता. गाडी टाकून आलेला ड्रायव्हर, असं कुणाबद्दल बोललं गेलं की त्या माणसाला पुन्हा कुणी चहा विचारायचं नाही. मला तो नेम प्राणांहून प्रिय होता, कारण त्याच्यामुळे चार दिवस मला बाप मिळाला होता, अख्खा.

आणि पुढे मी पोटापाण्याला काय निवडलं, तर माणसांना गाडी सोडायला लावायचं काम.

यवतमाळला इंजिनिअरिंग झालं, मग पुण्याला आले ती इथलीच झाले. रस्त्यावरच्या बोगद्यात आग लागली तर काय होतं, माणसं कशी वागतात, त्यांना बाहेर कसं काढायचं, याचा अभ्यास मी करते. आई राजूरमध्ये हे सांगायची तेव्हा शेजारणी विचारायच्या, "पन आपल्याकडं बोगदा कुठी हाये?" नाहीच. आमच्या जिल्ह्यात जमिनीखाली जाणारी वाट म्हणजे कोळशाची खाण. आई मग चिडून म्हणायची, "आपल्याकडं नाही म्हणून का जगात नाही?" तिलाही मी नक्की काय करते ते कळत नव्हतं, पण माझी बाजू घेण्यात ती कधी मागे राहिली नाही.

हे काम सांगायला सोपं आहे. बोगद्यात माणूस जाळानं मरत नाही, आधी धुरानं मरतो. धूर पहिल्यांदा छताला लागून पळतो, खाली हवा स्वच्छ असते, आणि माणसाला वाटतं, अजून वेळ आहे. ती थोडी मिनिटंच खरी वेळ असते. मग धूर थंड होतो, खाली बसतो, आणि हाताशी असलेला दरवाजा दिसेनासा होतो. म्हणून त्या पहिल्या मिनिटांत इंजिन बंद करायचं, चावी गाडीतच ठेवायची, उतरायचं, आणि हिरव्या खुणेच्या दारातून शेजारच्या बोगद्यात चालत जायचं. सगळं शास्त्र, सगळे पंखे, दिवे, भोंगे यासाठी, की माणसानं गाडी सोडावी. आणि माणूस सोडत नाही. जगभर हेच दिसलेलं आहे. लोक काचा वर करून आत बसून राहतात. माझ्या वरिष्ठांना याचं फार नवल वाटायचं. मला कणभरही वाटलं नाही. मी त्या चटईवर चार दिवस बसून आले होते.

तीन-चार वर्षांपूर्वी मी ठरवलं की ट्रक ड्रायव्हरांनाच जाऊन विचारायचं. आणि विचारायचं तर वणीला. आमच्याकडच्या गाड्या गाठी घेऊन पश्चिमेला जातात, घाटातला मोठा बोगदा ओलांडतात, असं कारण मी अर्जात लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण हे की मला घरी जायचं होतं, आणि नुसतं घरी जायला रजा मागायची मला लाज वाटायची. संशोधनाच्या नावाखाली मी आठ दिवस आईच्या हातचं खाल्लं.

चाचांच्या गॅरेजसमोर, जिथं गाड्या उभ्या राहतात तिथं, मी कागद घेऊन दोन दिवस उन्हात उभी होते. प्रश्न साधा. बोगद्यात पुढे धूर दिसला आणि भोंग्यातून सूचना आली की गाडी सोडून बाहेर या, तर तुम्ही गाडी सोडाल का? एक जण म्हणाला, "हाव ना ताई, लगेच." दुसरा म्हणाला, "जीव महत्त्वाचा, ताई." तिसऱ्यानं तर, "तुमी म्हणता तं काहून नाही सोडणार?" असं म्हणून मलाच उसाचा रस पाजला. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत वही भरली आणि एकही 'नाही' नव्हतं. मी हवेत होते. जगातले ड्रायव्हर मूर्ख आणि आमचे वणीचे शहाणे, असा निबंध डोक्यात तयारही झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा तिथं आले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, पण गाडी सोडली नव्हती. मी गमतीनं म्हटलं, "चला बाबा, तुम्हीही सांगा."

त्यांनी प्रश्न नीट ऐकला, पुन्हा एकदा वाचायला लावला आणि म्हणाले, "नाही लिव्ह."

"बाबा, नीट विचार करून सांगा."

"केला. भरलेली गाडी हाये ना? मंग नाही."

मला राग आला. चारचौघांत आला. मी म्हटलं, सगळे सोडतो म्हणतात, तुम्हीच तेवढे वेगळे. आजूबाजूचे ड्रायव्हर एकदम बुटांकडे बघायला लागले. बाबा निघून गेले. चाचा गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटी, एक बात सांगू? हे सगळे तुह्यासाठी हो म्हणून राह्यले. आपल्या गावची पोरगी पुण्याहून आली, धूपमध्ये खडी हाये. तिले नाही कोण म्हणन? तुह्या बापानंच तेवढं सच सांगतलं."

दोन दिवसांचं काम मातीत गेलं. कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नसतं, की तुमचं सगळं सर्वेक्षण लोकांच्या मायेनं नासेल. मी गॅरेजच्या मागे जाऊन टायरवर बसले आणि स्वतःवर चरफडले. मग मी प्रश्न बदलला. सोडाल का, असं विचारायचं सोडून, कोणाचं ऐकून सोडाल, असं विचारायला लागले. आता उत्तरं खरी यायला लागली. बहुतेकांचं उत्तर होतं, मालकाचा फोन आला तर. भोंग्यातल्या बाईचं ऐकून कुणी म्हणजे कुणी सोडणार नव्हतं. ती बाई, एक जण म्हणाला, आपल्याले ओळखते का?

घरी मात्र मी बाबांचा पिच्छा सोडला नाही. वचन द्या, म्हटलं. त्यांनी जेवण संपवलं, हात धुतला. मी शेतातून पाण्याच्या पाइपाचा एक तुकडा आणला, आडवा धरला आणि एका तोंडाशी उदबत्ती लावली. धूर पाइपाच्या वरच्या बाजूनं कसा सरकतो ते दाखवलं. बाबा गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "आन् चढ असला तं?"

मी पाइप तिरपा केला. धूर भराभर वरच्या तोंडातून निघाला.

"मंग चढाकडं पळाचं नाही," बाबा म्हणाले. "उताराकडं जाचं."

हे समजायला आमच्या कार्यालयात नव्यानं येणाऱ्या मुलांना एक तास लागतो. मला अभिमान वाटला, आणि वाटलं, की माझं हे सगळं शिक्षण खरं तर या माणसाला मिळायला हवं होतं. त्यांच्या जागी मी शिकले, एवढंच झालं होतं. मी म्हटलं, "समजलं ना आता? मग सोडाल ना गाडी?"

"समजलं," ते म्हणाले. "पन खोटं कायले बोलू तुह्यासंग?"

आईनं आतून ओरडून सांगितलं, की पोरगी आठ दिवसांसाठी आली आणि तुम्ही दोघं धुराचंच काढून बसले. त्यावर विषय संपला. पुण्याला परत आल्यावर घाटातल्या बोगद्याच्या प्रत्येक नकाशात मला एकच ट्रक दिसायचा. रात्रंदिवस नाही, पण गाठींची फेरी असेल त्या आठवड्यात नक्की. मी फोन करायचे, "बोगदा झाला काय?" ते म्हणायचे, "झाला, झाला." दोन मिनिटांचा फोन. त्यापेक्षा जास्त काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. ज्या माणसाला मी आयुष्यात कधी पोटभर बघितलं नव्हतं, त्याच्याबद्दल मला त्याचा ट्रक कुठं आहे एवढंच ठाऊक असायचं.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी बैठकीत होते आणि फोन पिशवीत होता. बाहेर येऊन बघते तर एकाच अनोळखी नंबरवरून पाच वेळा फोन आलेला. मी लावला. पलीकडे गाड्यांचा, शिट्ट्यांचा गोंधळ, आणि मग बाबा.

"मी बोलून राह्यलो. फोन गाडीत राह्यला. हा दुसऱ्याचा हाये."

"गाडीत म्हणजे? तुम्ही कुठं आहात?"

"भायेर. गाडी सोडली."

मला आठवतं, मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांच्या पुढे तीन-चार गाड्या सोडून एका ट्रकच्या मागच्या चाकातून धूर निघाला होता. आग मोठी झाली नाही. बोगद्यातल्या लोकांनी ती थोड्या वेळात विझवली. सगळे ड्रायव्हर दारातून पलीकडे चालत गेले, कुणाला ओरखडा नाही. बाबांची गाडी जशीच्या तशी उभी होती. मी रडत होते आणि हसत होते, आणि पलीकडून बाबा एकच म्हणत होते, "गाडी एकटीच हाये तठी."

मालकानं दुसरा ड्रायव्हर पाठवून गाडी पुढे नेली. बाबा एसटीनं घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा ते रस्त्यातून गाडीशिवाय घरी आले, असं आईनं मला फोनवर सांगितलं, आणि हेही सांगितलं, की ते फार बोलत नाहीत.

आमच्या कार्यालयात त्या दुपारचा अहवाल माझ्याकडेच आला. त्यात मी लिहिलं, सर्व चालक सुखरूप बाहेर. माझ्या सगळ्या नोकरीत याहून चांगलं वाक्य लिहायला मिळालं नव्हतं. बाकीच्या ड्रायव्हरांसाठी मी आनंदानं लिहिलं. बाबांसाठी ते लिहिताना मी 'सुखरूप' या शब्दापाशी अडले, कारण त्या दिवसानंतर त्यांनी मालकाला सांगून टाकलं होतं, की आता गाडी चालवणार नाही.

पुढच्या आठवड्यात मी रजा काढली, या वेळी कुठलंही कारण न लिहिता. बाबा चाचांच्या गॅरेजसमोर बाकावर बसलेले सापडले. ड्रायव्हर जाता-येता थांबायचे, चहा विचारायचे. म्हणजे तेवढी अब्रू शिल्लक होती. पण एखादा हसत हसत विचारायचाच, "काका, गाडी तं साबूत होती म्हणे. मंग काहून सोडली?" बाबा नुसते हसायचे. मला राहवलं नाही. मी उभी राहून सगळ्यांना धुराचं शास्त्र सांगितलं, छतापासून खालपर्यंत. ते सगळे मान डोलवत ऐकत होते. "बराबर हाये ताई," म्हणाले. अगदी तसंच म्हणाले, जसं माझ्या कागदावर 'हो' म्हणाले होते.

दुपारी अंगणात बाबा आणि मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो. आई शेजारी गेली होती. घरात दिवसाढवळ्या जागे असलेले बाबा, आणि कुठंही जायचं नसलेले. जे मी मागितलं होतं ते माझ्यासमोर बसलं होतं, आणि माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. मला त्यांची इतकी आठवण येत होती, ते समोर असताना.

मी विचारलं, "बाबा, मला तरी सांगा. का सोडली? उदबत्तीचं आठवलं म्हणून?"

"नाही," ते म्हणाले. "धुराचं मले काही वाटलं नाही. वरतीच होता तो."

"मग भोंग्यातून सूचना आली म्हणून?"

"ते कोण ऐकते?"

त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या. दाणे ताटात टाकले. मग ताटाकडेच बघत म्हणाले, "बोगदा म्हणजे तुहं काम. मले वाटलं, इतका धूर झाला, म्हणजे तुह्या हापिसात फोन गेला असन. तू येऊन भायेर उभी असशीन."

"बाबा, मी पुण्याला. इतक्या लवकर मी कशी येणार?"

"हाव. ते मंग समजलं." ते किंचित हसले. "भायेर आलो, सगळ्यायले पाह्यलं. तुह्या फोटोत असते तसं पिवळं जाकीट घातलेली एक पोरगी होती तठी. जवळ गेलो, तं तू नव्हती. मंग म्हटलं, आता कायले थांबाचं, परत गाडीपाशी जाऊन बसतो. तं त्या बोगद्यावाल्यायनं जाऊ देल्लं नाही."